पिठाचे पाय

ज्यूदोच्या स्पर्धेत वजनकाट्यावर उभं राहण्याआधी खेळाडूची कातडी तपासतात. अंगाला अंग घासणारा खेळ, एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. त्या सकाळी तपासनीस बाई टॉर्च घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. मुलगी आली की मान, कोपर, गुडघ्यामागची खाच बघायची आणि "पुढे" म्हणायचं. स्प्रिंगचा नंबर आला तेव्हा त्या "पुढे" म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिच्या पोशाखाची कॉलर दोन बोटांनी बाजूला केली आणि टॉर्च तिथेच धरून ठेवला.

मानेच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा चट्टा होता. कडा लाल, उचललेली, कडेवर बारीक पुरळ. मधला भाग मात्र फिकट, जवळजवळ बरा झाल्यासारखा.

"गजकर्ण आहे. हिला खेळता येणार नाही," बाई म्हणाल्या.

स्प्रिंग हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हतं. मॅटवर पाठ टेकली की त्याच झटक्यात पुन्हा उभी राहायची, म्हणून क्लबात सगळे तिला तसं म्हणायचे. चौदा वर्षांची होती. आई घरी शिवणकाम करायची आणि प्रत्येक स्पर्धेला पाण्याची बाटली घेऊन भिंतीशी उभी असायची. आजही होती.

"अहो बाई, बरं होत आलंय ते," क्लबचे प्रशिक्षक असलेले सर म्हणाले. "मी स्वतः मलम दिलंय. मधून कसं स्वच्छ झालंय बघा की."

"मधून स्वच्छ आणि कडेने पसरतंय, हीच तर त्याची खूण," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

सरांचा चेहरा उतरला. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा दुसरा प्रशिक्षक सापडला नसता. मुलं त्यांना पाठीमागे 'फिनाईल सर' म्हणत. क्लबातल्या मॅट रोज दोन वेळा पुसल्या जात. चप्पल मॅटच्या कडेपर्यंत घालायची, वर पाय ठेवताना काढायची, संडासला जाताना पुन्हा घालायची. दर सोमवारी मुलांना रांगेत उभं करून सर एकेकाचे हात स्वतःच्या हातात घेत आणि नखं तपासत. असल्या माणसाच्या हाताखालच्या मुलीला चार क्लबांसमोर गजकर्ण निघालं होतं.

ते स्प्रिंगच्या आईकडे वळले आणि आवाज खाली न आणता म्हणाले, "घरी टॉवेल धुता की नुसते वाळत घालता? मी इथे मॅट चाटूनपुसून ठेवायच्या आणि तुम्ही घरून घाण पाठवायची!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. स्प्रिंगच्या आईने बाटलीचं झाकण लावलं, मुलीच्या खांद्यावर जॅकेट टाकलं आणि तिला घेऊन चालू लागली.

"पूर्ण बरी झाल्याशिवाय क्लबची पायरी चढायची नाही!" सर मागून ओरडले.

स्प्रिंगने वळून पाहिलं. ती रडत नव्हती. कुणीतरी अचानक थोबाडीत मारावी आणि ती का मारली हे कळू नये, तसा तिचा चेहरा झाला होता.

क्लबचं दुसरं माणूस म्हणजे सरांची मुलगी. सकाळच्या लहान मुलांना ती शिकवायची, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. तिला स्वतःला तीन वर्षांची छकुली होती. स्पर्धेहून परतताना ताई गाडीत एकच वाक्य बोलली. "बाबा, स्प्रिंगच्या आईला सगळ्यांसमोर नको होतं बोलायला."

"मग कुणासमोर बोलायचं? भिंतीसमोर?" सर म्हणाले आणि विषय संपला.

महिना उलटला. स्प्रिंग आली नाही. सरांनी मॅटची कव्हरं बदलली, पुसायचं औषध बदललं, एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला तर घरी पाठवीन असा दम भरला. आणि एका सोमवारी नखं तपासताना त्यांना एका मुलाच्या मनगटावर गोल चट्टा दिसला. त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या कानामागे. मग दोघी बहिणींच्या, एकीच्या मानेवर, एकीच्या खांद्यावर.

"ती कार्टी कुणाच्या तरी घरी जाऊन खेळत असणार," सर जेवताना म्हणाले.

सरांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का?' विचारून तिला प्रश्न विचारायची सवयच लागली होती. "एक सांगा," ती म्हणाली. "पोरगी गेली, टॉवेल गेले, कव्हरं गेली. मग अजून क्लबात राहिलं कोण?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

ताईने बाही वर केली. कोपराच्या खाली दोन चट्टे होते, एकमेकांना चिकटलेले. "मी राहिले," ती म्हणाली. "पंधरा दिवस लपवतेय. क्लबच्या औषधपेटीतली मलमाची ट्यूब लावते. लावली की खाज जाते, सोडली की दुप्पट येते."

सरांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ताई त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. सोबत आई होती आणि सरही होते. त्यांना स्वतःला काही झालेलं नव्हतं, पण डॉक्टर मॅटबद्दल काय विचारतील ते बायकांना सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टर चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी ताईचा हात पाहिला, ट्यूब पाहिली आणि ट्यूब टेबलाच्या कडेला ढकलली.

"ही कुणी दिली?"

"आमच्या क्लबच्या पेटीतली आहे," सर म्हणाले. "पटकन गुण येतो हिने."

"येतोच. यात स्टेरॉइड आहे. ते खाज आणि लाली दाबतं, आणि त्याच वेळी कातडीची लढायची ताकदही दाबतं. वरून आग विझल्यासारखी दिसते आणि बुरशी आत आरामात हातपाय पसरते. अजून कुणाकुणाला दिलीत?"

मधून फिकट, कडेने पसरलेला तो चट्टा सरांच्या डोळ्यांपुढे आला. ती ट्यूब त्यांनी स्प्रिंगला स्वतःच्या हाताने दिली होती, वर 'दिवसातून तीनदा लाव' असं बजावलं होतं.

"पायाची बोटं बघू," डॉक्टर ताईला म्हणाल्या. ताईने जरा आढेवेढे घेत मोजे काढले. नखांना गडद रंग होता. डॉक्टरांनी कापसाने एका अंगठ्याचा रंग पुसला. खाली नख जाड, पिवळं, भुगा झालेलं.

"हे किती दिवसांचं?"

"लग्नाआधीपासून. मला वाटलं, मॅटवर ठेच लागून झालं."

"घरात आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही," सर म्हणाले. ताईची जुनी फाइल पुढे करायला त्यांनी उजवा हात लांबवला. डॉक्टरांनी फाइल घेतली नाही. त्यांनी हातच धरला.

"हा तळहात असा का?"

"कसा? रोज कापड धरून ओढायचं, घट्टे पडणारच. ज्यूदोवाल्याचा हात आहे."

"मग डावा दाखवा. डाव्यानेही धरता ना?"

सरांनी डावा पुढे केला. दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी आले आणि सरांनी ते जणू पहिल्यांदाच पाहिले. डावा साधा होता. उजवा कोरडा, राठ, आणि त्याच्या रेषांमध्ये पांढरी पूड बसलेली, फळ्यावर लिहून उठल्यासारखी.

"बूट काढा," डॉक्टर म्हणाल्या.

"पायाला काही नाही माझ्या. ते आमचं घराण्याचं आहे."

बायकोला हसू आलं. "पिठाचे पाय आहेत यांचे," तिने डॉक्टरांना सांगितलं. "यांच्या आजोबांची पिठाची गिरणी होती. त्यांचे तळवे असेच पांढरे, सासऱ्यांचे असेच, यांचेही असेच. गिरणी विकली पण पीठ पायात राहिलं, असं आमच्याकडे म्हणतात."

सरांनी मोजे काढले. तळव्यापासून टाचेपर्यंत आणि कडेने वर चढत, पायात बुटासारखा घातलेला, कोरडा पांढुरका थर होता. करंगळीशेजारच्या बेचक्यात कातडी ओली, पांढरी, फुगलेली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बोथट पात्याने तळव्याची आणि तळहाताची थोडी खपली काचेवर खरवडून घेतली, वर औषधाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

"या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

सरांनी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग कातडीच्या तुकड्यांमधून आरपार गेलेले लांब, बारीक तंतू दिसले. त्यांना फांद्या फुटलेल्या, फांद्यांना आणखी फांद्या.

"हे काय आहे?"

"बुरशी. जी मुलीच्या हातावर आहे, बहुतेक तीच. नक्की करायला नमुना वाढवून बघू."

"माझ्या पायात?"

"पायात आणि उजव्या हातात. पाय खाजवायचा हात तोच असतो ना, म्हणून बरेचदा दोन पाय आणि एक हात असं सापडतं."

सरांनी आधाराला टेबल धरलं, तेही उजव्या हाताने. लगेच चटका बसल्यासारखा त्यांनी हात उचलला.

"शक्य नाही," त्यांची बायको म्हणाली. आता तीही हसत नव्हती. "लागण असती तर मला झाली असती. तीस वर्षं एका घरात आहोत आम्ही. एका पलंगावर झोपतो."

"तिथेच तर खरी गोम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही बुरशी सगळीकडे असते. बहुतेकांची कातडी तिला ओळखते आणि हाकलून देते. तुमची देते. काही घराण्यांत मात्र कातडीचा पहारेकरी नेमक्या याच चोराला ओळखत नाही. चोर येतो, खाटेवर पाय पसरून झोपतो, आणि पहारेकरी त्याला घरचाच समजतो. खाज नाही, लाली नाही, वर्षानुवर्षं नुसता कोरडेपणा. ही उणीव आईबापाकडून मुलांत उतरते. म्हणून बायकोला तीस वर्षांत काही होत नाही आणि मुलीला होतं."

"म्हणजे पीठ वारशाने आलं नाही?" ताईने विचारलं.

"पीठ कधीच वारशाने येत नाही. दार उघडं राहायची खोड येते. अर्थात तुमच्या घराचं मी एवढ्यावरून छातीठोक सांगणार नाही, पण आजोबा, वडील, हे आणि तुम्ही, अशी रांग असली की माझा संशय तिकडेच जातो."

ताई एकदम म्हणाली, "माझी छकुली बाबांच्याच चपला घालून घरभर फिरते."

मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तिला उद्या घेऊन या."

घरी आल्यावर सर अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून होते. त्यांच्या डोळ्यांपुढून एक गोष्ट हलेना. नवा डाव मुलांना दाखवायचा झाला की ते नेहमी स्प्रिंगला पुढे बोलवायचे, कारण तिच्याइतकं छान पडायला कुणालाच येत नव्हतं. उजव्या हाताने तिची कॉलर धरायचे, डाव्या बाजूला, मानेला लागून. मुठीची मागची बाजू आणि तळहाताची कड जिथे टेकायची, चट्टा नेमका तिथेच होता. दर सोमवारी पंचवीस मुलांची नखंही याच हातात आली होती.

रात्री त्यांनी मोठ्या बहिणीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात राहायची.

"आक्का, तुझे तळवे कसे आहेत गं?"

"आपल्या सगळ्यांचे असतात तसेच. का रे? इतक्या वर्षांनी पाय आठवले?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग बाबांचा पाय?" तिने विचारलं.

वडिलांना साखर होती. एका उन्हाळ्यात बोटांच्या बेचक्यात चीर पडली, दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद झाला, ताप चढला, आणि आठवडाभरात ते गेले. चीर चपलेने पडली असेल, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

"ते आता कुणी सांगू शकणार नाही," सर म्हणाले. "पण तू उद्या डॉक्टरला पाय दाखव. टाळू नकोस. तुलाही साखर आहे."

स्प्रिंगचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार तिच्या आईने उघडलं. गळ्यात टेप, हातात कात्री. सरांना पाहून ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

सरांनी येताना वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "ते माझ्याकडून झालं असावं," ते म्हणाले. "माझ्या हाताला आहे. पायांना आहे. मला माहीत नव्हतं. आणि मी जे मलम दिलं, त्याने ते वाढलं."

कात्री तिच्या हातात तशीच उघडी होती.

"तुमच्याकडून?"

"हो."

"सर, मी तिला घासणीने घासायचे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट विझत चालला होता. "भांड्यांच्या घासणीने. कडकडीत पाण्याने. रोज. ती ओरडायची आणि मी म्हणायचे, घाण निघाली पाहिजे. कातडी सोलली तिची. मला वाटलं, माझंच चुकलं, माझ्याच घरात काहीतरी घाण आहे. शिवायला दिलेले कपडे दोन बायका परत घेऊन गेल्या. तुमच्याकडून?"

आतल्या दाराच्या चौकटीत स्प्रिंग उभी होती. मानेवर रुमाल बांधलेला. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना नजर वर ठेवता येईना.

"डॉक्टरांचा पत्ता आणलाय," ते म्हणाले. "त्यांच्याशी बोललोय मी. आता घासायचं नाही, ती ट्यूबही लावायची नाही. बरं होतं हे, पूर्ण बरं होतं, फक्त दिसेनासं झालं तरी औषध त्या सांगतील तेवढे दिवस चालू ठेवायचं. बाई, मला माफ करा."

"माझ्या दारात कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. "बोललात ते चारचौघांत. आता हेही चारचौघांत सांगा."

दार बंद झालं.

रविवारी सरांनी सगळ्या पालकांना क्लबात बोलावलं, डॉक्टरांनाही. ताईने विचारलं, "बाबा, मी बोलू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. मॅटच्या कडेला खुर्ची ठेवली, बसले, बूट-मोजे काढले आणि दोन्ही तळवे लोकांकडे केले. उजवा हात वर धरला. मग जे घडलं ते सांगितलं, स्प्रिंगचं खरं नाव घेऊन, तिच्या आईचं नाव घेऊन.

हॉलमध्ये एकच गलका झाला. एक बाप उठून म्हणाला, "आणि तुम्ही आमच्या पोरांची नखं तपासत होतात?" सर म्हणाले, "हो." दुसऱ्याने मुलाला बकोटीला धरून तिथल्या तिथे बाहेर नेलं. त्याच्यामागे आणखी काही गेले. एक आजोबा मात्र खाली वाकले, स्वतःचा बूट काढला, तळवा उलटा करून निरखला आणि शेजारच्या सुनेला हळूच म्हणाले, "हे बघ गं जरा." त्यानंतर डॉक्टर बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा अर्ध्या पालकांच्या पायांत मोजे नव्हते.

क्लब महिनाभर बंद राहिला. चट्टे असलेल्या प्रत्येक मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा इलाज एकाच वेळी झाला, नाहीतर चोर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. छकुलीच्या एका बोटाच्या बेचक्यात पांढरं निघालं. ताई त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडली. डॉक्टर बाहेर आल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे महिन्याभरात जाईल. जन्मभर एवढंच करायचं, बोटांमधलं पाणी कोरड्या फडक्याने टिपायचं. दात घासतो तसं समजा. आणि आजोबांच्या चपला वर ठेवा."

सरांच्या घराचं रूप बदललं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर. मोजे रोज गरम पाण्यात. बुटांचे दोन जोड, एक पायात असताना दुसरा खिडकीत उन्हाला. सरांना गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागल्या, मध्ये रक्त तपासावं लागलं. बायको रोज रात्री त्यांच्या पायाशी दिवा धरून बसायची. "आता दिसतंय का?" तेच तिला विचारायचे.

मॅटवर पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. कडेला खुर्ची टाकून तोंडाने शिकवायचे. स्प्रिंग क्लब उघडल्यावर दोन महिन्यांनी आली, पण ताईच्या सकाळच्या तुकडीत. मानेवर फिकट डाग राहिला होता. सरांसमोरून जाताना ती मान खाली घालायची नाही, थांबायचीही नाही. सर काही विचारायला गेले तर "हो" किंवा "नाही", एवढंच.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी पुन्हा खपली घेतली, काचेखाली पाहिली आणि म्हणाल्या, "काही नाही. पण निर्धास्त होऊ नका, ही पुन्हा पुन्हा दार ठोठावणार." दुसऱ्या सकाळी सर क्लबात गेले. लहान मुलं अजून यायची होती. ताई कपाटातून पट्टे काढत होती, स्प्रिंग कोपऱ्यात मॅट पुसत होती. सरांनी चपला काढल्या आणि पांढरा थर गेलेला पाय मॅटवर ठेवला.

ठेवला आणि दचकून मागे घेतला.

पुन्हा ठेवला. मॅट गार होती. ओल्या फडक्याची ओल जाणवत होती, कव्हरची बारीक खरखर बोटागणिक वेगळी लागत होती, आणि दोन मॅटच्या मधली शिवण तर दोरीसारखी टोचत होती. साठीला आलेला माणूस, अख्खा जन्म या मॅटवर काढलेला. ते दोन पावलं चालले आणि थांबले.

"ताई, हे गार कसं काय लागतंय?" ते मुलीलाच ताई म्हणून बसले. "कव्हर बदललंस का?"

स्प्रिंग फडकं हातात घेऊन उभी राहिली होती. तिने सरांच्या पायांकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"सर, मॅट गारच असते," ती म्हणाली. "नेहमी."

आणि राहिलेला कोपरा पुसायला ती खाली बसली.